शाळेत तास कोण घेते, तेही छापा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

‘विद्यार्थी दिना’निमित्त आपल्या कालच्या अंकात साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलवर आलेला अर्ध्या पानाचा मजकूर वाचला. शाळेच्या नोंदवहीत 1914 क्रमांकासमोरची बाल भिवाची, म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची, सही, राजवाड्याची वास्तू आणि अभिवादनास आलेल्या मान्यवरांची नावे हे सर्व त्यात यथास्थित होते. मान्यवरांची नावे तर जरा अधिकच यथास्थित होती. मात्र जिल्हा परिषदेच्या या शाळेत आज कोणते वर्ग भरतात, विज्ञान आणि गणित कोण शिकवते, प्रयोगशाळेचे कुलूप आठवड्यातून किती वेळा निघते, मुले कोणत्या स्पर्धांना जातात, यांपैकी एकही प्रश्न आपल्या प्रतिनिधीला पडल्याचे दिसले नाही. गेल्या वर्षीचा मजकूरही साधारण हाच होता आणि छायाचित्र तर बहुधा तेच असावे.

त्या नोंदीचे मोल मी जाणतो. 7 नोव्हेंबर 1900 रोजी इंग्रजी पहिलीत दाखल झालेला तो मुलगा 1904 पर्यंत येथे शिकला आणि पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून 1907 साली मॅट्रिक झाला, हे कोणत्याही शाळेने अभिमानाने सांगावे असेच आहे. परंतु साताऱ्यातील शाळेविषयी बाबासाहेबांनी स्वतः काय लिहून ठेवले आहे ते आपण कधी छापत नाही. वर्गात बसायला त्यांना वेगळे तरट असे. ते उचलायला शाळेचा नोकर तयार नसल्यामुळे रोज घरी न्यावे आणि दुसऱ्या दिवशी परत आणावे लागे. नळाला हात लावण्याची मुभा नसल्यामुळे शिपाई नसेल त्या दिवशी पाणीही मिळत नसे. शाळेने आपल्याला कसे वागवले हे सांगताना त्यांनी वर्गातले तपशील दिले. आपण मात्र वर्गाच्या दारापर्यंत जातो, हार घालतो, छायाचित्र काढतो आणि परत फिरतो.

शासनाने 2017 साली 7 नोव्हेंबर हा प्रवेशाचा दिवस राज्यभर ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळण्याचा निर्णय घेतला आणि शाळाशाळांतून निबंध व वक्तृत्व स्पर्धा घ्याव्यात असे सुचवले. हेतू उत्तम होता. दुसऱ्याच वर्षी, म्हणजे 2018 मध्ये, 7 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन आले. त्या दिवशी निबंध कोणी लिहायचा आणि वक्तृत्व कोणी ऐकायचे, हा प्रश्न आम्हा शिक्षकांपुढे होता. कागदावर मात्र कार्यक्रम उत्साहात पार पडतच असतात.

मी एका जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळेत मराठी शिकवत होतो आणि आता निवृत्त आहे. जिल्हा आणि गाव मुद्दाम सांगत नाही, कारण गाऱ्हाणे त्या शाळेविषयी नाही. शाळा जुनी, कौलारू, ‘सरकारी हायस्कूल’ म्हणून पंचक्रोशीत ओळखली जाणारी. आमचे चित्रकलेचे शिक्षक निवृत्त झाले आणि त्यांची जागा संचमान्यतेच्या, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, आकडेमोडीत नाहीशी झाली. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांचे अंशकालीन निदेशक असावेत असे म्हटले आहे खरे, पण ते पट 100 च्या वर असेल तर. पट 100 च्या खाली गेला की त्या गावच्या मुलांना चित्र काढावेसे वाटत नसावे, अशी काहीतरी समजूत यामागे असणार. चित्रकलेचे तास वेळापत्रकात शिल्लक राहिले आणि ज्यांचे अक्षर बरे आहे त्यांनी ते घ्यावेत या न्यायाने माझ्याकडे आले. वस्तुचित्रात मातीच्या मडक्याची सावली कोणत्या बाजूला पडते हे मला मुलांनीच शिकवले.

तरीही मुलांना चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय परीक्षांना बसायचे होते. शेजारच्या गावातील एक वृद्ध कलाशिक्षक शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर विनामोबदला येऊ लागले आणि स्मरणचित्र, संकल्पचित्र, अक्षरलेखन असे सारे त्यांनी व्हरांड्यात बसवून करून घेतले. त्या मुलांतील एका मुलीने आठवीत एलिमेंटरी आणि नववीत इंटरमिजिएट परीक्षा ‘अ’ श्रेणीत उत्तीर्ण केली, त्यामुळे दहावीच्या निकालात तिला 7 वाढीव गुण मिळाले. आठवीतच तिने राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षाही उत्तीर्ण केली होती. नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये ही रक्कम शेतमजुराच्या घरात काय असते हे मी सांगायला नको. त्या परीक्षेची तयारी आमचे गणिताचे शिक्षक पहिल्या तासापूर्वी घेत. निवडणुकीच्या याद्यांचे काम त्यांच्या गळ्यात पडले तेव्हाही त्यांनी ती थांबवली नाही.

दहावीचा निकाल लागला, मुलगी तालुक्यात वरच्या क्रमांकावर आली आणि दोनच दिवसांनी आपल्या दैनिकात तिचे छायाचित्र झळकले. बातमीचा मथळा एका खासगी क्लासच्या ‘यशाच्या परंपरे’विषयी होता. मुलगी त्या क्लासमध्ये शेवटच्या काही आठवड्यांत सराव परीक्षा सोडवायला गेली होती, तेवढाच संबंध. बातमीत क्लासच्या संचालकांचे नाव होते, त्यांच्या सौभाग्यवतींचे होते, नव्या शाखेचा पत्ता होता आणि ‘मर्यादित जागा’ ही सूचनाही होती. पाचवीपासून दहावीपर्यंत सहा वर्षे ती ज्या शाळेत बसली, त्या शाळेचे नाव कोठेही नव्हते. चित्रकलेच्या त्या वृद्ध गुरुजींचा उल्लेख असण्याचा तर प्रश्नच नव्हता.

मी आपल्या जिल्हा कार्यालयात दूरध्वनी केला. ‘शाळेकडून माहिती आली नव्हती,’ असे अत्यंत नम्रपणे सांगण्यात आले. क्लासकडून माहिती कशी येते आणि तिच्यासोबत आणखी काय येते, हे विचारण्याचा मोह मी आवरला. नंतर दोन पाने भरून सविस्तर पत्र पाठवले. ते तीन आठवड्यांनी चार ओळींत, ‘विद्यार्थिनीचे अभिनंदन’ या मथळ्याखाली, बाजारभावांच्या शेजारी प्रसिद्ध झाले. त्यातून शाळेचे नाव पुन्हा गळाले होते. सातत्य म्हणतात ते हेच असावे.

कालचा मजकूर वाचून हे सारे वर आले. जुन्या सरकारी शाळेविषयी लिहायचे म्हणजे तेथून कोण मोठे होऊन गेले एवढेच लिहायचे, आणि आज तेथे जे घडते त्याचे श्रेय दुसऱ्या कोणाला तरी द्यायचे, अशी वाटणीच आपण करून टाकली आहे. विज्ञान प्रदर्शनात तालुक्याहून जिल्ह्याला गेलेले उपकरण, वर्षभर खपून मुलांनी काढलेले हस्तलिखित, स्काउटचे शिबिर, मैदान नसताना खो-खोत मिळवलेले पारितोषिक यांना आपल्याकडे जागा नसते. पट घटून शाळा बंद होण्याची वेळ आली की मात्र ‘ऐतिहासिक शाळेला अखेरची घरघर’ हा मथळा तयार असतो. पालक वर्तमानपत्र वाचतात. ज्या शाळेचे नाव त्यात फक्त जयंतीला किंवा घरघर लागल्यावर येते, तेथे ते आपले मूल कशाला घालतील?

माझी विनंती साधी आहे. जुलै महिन्यातील एखाद्या मंगळवारी, कोणतीही जयंती नसताना, आपल्या प्रतिनिधीला प्रतापसिंह हायस्कूलमध्ये पाठवावे. तेथील मुख्याध्यापकांना मंजूर पदे किती आणि भरलेली किती हे विचारावे, एखाद्या वर्गात मागच्या बाकावर बसून गणिताचा तास पूर्ण ऐकावा, खिचडी शिजवणाऱ्या ताईंशी बोलावे आणि जे दिसेल ते, चांगले असो वा वाईट, छापावे. वाईट छापले तरी माझी तक्रार नाही. जिल्ह्यातील इतर सरकारी माध्यमिक शाळांबाबतही हेच करता आले तर आठवड्याला एक याप्रमाणे सदर चालेल, आणि त्यासाठी आपल्याला कोणाच्या छायाचित्राची वाट पाहावी लागणार नाही.

जाता जाता आणखी एक. प्रवेशाच्या दिवसांत आपण जी ‘शिक्षण विशेष’ पुरवणी काढता, तिच्यातील लेख हे लेख नसून जाहिराती असतात, हे वाचकाला कळावे म्हणून कोपऱ्यात एक ओळ छापलेली असते. ती मुंगीएवढ्या अक्षरात असते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाल्यानंतरच ती मला प्रथम दिसली. पुढील जूनमध्ये ती निदान पुरवणीच्या किमतीएवढ्या ठशात यावी.

आपला,
एक निवृत्त माध्यमिक शिक्षक, वाई