ती. बाबांना, मुग्धाच्या बी.एड.बद्दल

युवास्कुला, फिनलंड
९ मार्च

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "एम.एस्सी.ला वर्गात पहिली आलेली पोरगी आणि बी.एड.? ज्याला कुठंच काही जमत नाही, तो बी.एड. करतो." मुग्धा तिथंच असणार, तिनं ऐकलंही असेल. मी तेव्हा गप्प बसले. फोनवर आपलं भांडणच झालं असतं, म्हणून हे पत्र.

तुमचं जे बरोबर आहे ते आधी कबूल करते. माझं बी.एड. तुम्ही जवळून पाहिलंय. पाठ टाचणं, म्हणजे पाठ कसा घ्यायचा याचे लेखी आराखडे, आम्ही आदल्या वर्षीच्या मुलींच्या वह्यांवरून उतरवायचो. हेतुकथन, प्रतिपादन, फलकलेखन, स्वाध्याय, सगळे रकाने भरलेले. काही सराव पाठ फक्त वहीतच झाले. शेरा ठरलेला: 'पाठ चांगला झाला. फलकलेखन सुधारावे.' समोरच्या पोरांना काय कळलं, हे कुणी विचारलं नाही. एम.एस्सी.ला ५८ टक्क्यांसाठी मी रात्रीच्या रात्री जागले होते, आणि इथं ८५ टक्के असेच पदरात पडले. तेव्हा मलाही वाटलं, विषयच हलका आहे.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेत मिसुरी विद्यापीठाचे अर्थशास्त्रज्ञ कोरी कोडेल यांनी २०११ मध्ये दाखवून दिलं की तिथल्या शिक्षणशास्त्र विभागांत इतर विभागांपेक्षा खूपच जास्त गुण मिळतात, आणि त्याचं कारण मुलं जास्त हुशार असतात हे नाही. आपल्याकडे डी.एड. कॉलेजांचं पेव फुटलं होतं ते तुम्हाला आठवत असेल. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि त्यातूनच शिक्षकांच्या शिक्षणाची तपासणी करायला न्या. वर्मा आयोग नेमला गेला. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. मी ते दोन वर्षांचंच केलं, बाबा. वर्ष वाढलं, पण पाठ बघणाऱ्याची नजर बदलली नव्हती.

आता इथलं सांगते. आमच्या विद्यापीठाचं मूळ म्हणजे १८६३ साली उनो सिग्नेउस यांनी काढलेलं शिक्षक विद्यालय, फिनिश भाषेतलं पहिलं. या देशात पहिलीच्या पोरांना शिकवणाऱ्यालाही पाच वर्षं शिकून मास्टर्स पदवी घ्यावी लागते, १९७९ च्या सुधारणेपासून. प्रवेश परीक्षा, मग मुलाखत, आणि शेवटी स्वतः संशोधन करून लिहिलेला प्रबंध. त्याला ही पोरं 'ग्राडू' म्हणतात आणि आपल्याकडे सी.ए.ची पोरं फायनलबद्दल बोलतात तशा धास्तीनं त्याबद्दल बोलतात.

पण मला हलवून गेलं ते वेगळंच. विद्यापीठाची स्वतःची सराव शाळा आहे, तिला सगळे 'नॉर्सी' म्हणतात. मागच्या आठवड्यात माझ्या मैत्रिणीचा तिथं अपूर्णांकांवर पाठ होता. मी मागच्या बाकावर. पाठ छान झाला, पोरं हसत होती, हात वर करत होती. नंतर मार्गदर्शक बाई तिच्यासमोर बसल्या. फळ्याबद्दल एक शब्द नाही. त्यांनी विचारलं, "खिडकीजवळच्या मुलानं एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा मोठा लिहिला. का लिहिला असेल?" ती म्हणाली, "चार तीनपेक्षा मोठे म्हणून." "मग तू त्याला भाकरीचं चित्र काढून दाखवलंस, त्यानं ते बरोबर रंगवलं, आणि खाली पुन्हा तेच चूक उत्तर लिहिलं. आता?" (चित्र पावाचं होतं, पण मला आपली भाकरीच दिसत होती.) ती कितीतरी वेळ काही बोललीच नाही. पाठापेक्षा ती चर्चा लांबली. रात्री ती ग्रंथालयात अपूर्णांकांच्या चुकांवरचे शोधनिबंध काढून बसली होती. एम.एस्सी.च्या गणितातल्या टोपॉलॉजीच्या पेपरलाही मी इतकी अडले नव्हते, जितकी त्या एका "आता?" ला अडले.

तुम्ही म्हणाल, मग फिनलंडचा नंबर का घसरला? घसरलाय, खरंच. पिसा चाचणीत, म्हणजे वेगवेगळ्या देशांतल्या पंधरा वर्षांच्या मुलांची जी चाचणी होते तिच्यात, गणितात २००६ ला ५४८ गुण होते, २०२२ ला ४८४. इथं त्याची काळजी सगळ्यांना आहे. पण म्हणून शिक्षकांचं शिक्षण सोपं करा, असं मी तरी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही.

म्हणून सांगते, मुग्धाला अडवू नका. अवघड विषय आपण सोपा करून टाकला आणि मग त्यालाच हलका म्हणायला लागलो. कॉलेज मात्र डोळे उघडे ठेवून निवडा. फी आणि इमारत नंतर. आधी दोघं जाऊन एखादा सराव पाठ बघून या, आणि पाठ संपल्यावर प्राध्यापक छात्राध्यापकाशी काय बोलतात ते ऐका. नुसती वहीवर सही करून उठले, तर दुसरं कॉलेज बघा.

आणि एक काम. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत माझी पाठांची वही आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत आंतरवासितेला, म्हणजे बी.एड.मधल्या प्रत्यक्ष शाळेतल्या सरावाला होते, तेव्हा तिथल्या मुख्याध्यापिका बाई एकदा अख्खा तास मागे बसल्या होत्या. माझ्या पाठाखाली त्यांनी पानभर लिहिलं होतं, निळ्या शाईत, कुठल्या मुलीनं काय विचारलं आणि मी ते कसं ऐकलंच नाही, याबद्दल. तेव्हा मला राग आला होता. ते पान सापडलं तर मुग्धाला वाचायला द्या आणि मला फोटो पाठवा.

आईला नमस्कार. बर्फ अजून वितळलेला नाही, पण संध्याकाळी सहापर्यंत उजेड असतो आता.

तुमची,
ताई