तुलनात्मक तक्त्यात एक रकाना वाढवा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मार्चअखेर जवळ आलाय, सगळ्या सरकारी ऑफिसांत आता खरेदीची घाई सुरू होईल, निधी लॅप्स व्हायच्या आत पंखे, एसी, कपाटं, प्रिंटर, गाड्या, जे काय मागणीपत्रात असेल ते घेऊन बिलं ट्रेझरीत टाकायची. मी स्वतः एका सरकारी ऑफिसच्या भांडार विभागात २७ वर्षं काढलीत, त्यामुळे ही घाई कशी असते ते चांगलंच माहितीये. दरवर्षी हे दिवस आले की एक गोष्ट मनात सलते, वस्तू घेताना आपण नुसती किंमत बघतो, तिचं पुढचं वीजबिल बघत नाही, म्हणून हे पत्र लिहितोय, थोडं लांबेल, पण शक्य असेल तर छापा.

तापमानवाढ, कार्बन यावर पेपरात रोज काही ना काही येतं. सगळा सल्ला आपल्यालाच असतो, दिवे बंद करा, झाडं लावा, सायकल चालवा. चांगलंच आहे ते, मीही करतो. पण या देशातला सगळ्यात मोठा गिऱ्हाईक कोण आहे? सरकार. नुसत्या जेम पोर्टलवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन बाजारात, २०२३-२४ या एका वर्षात ४ लाख कोटींच्या वर खरेदी झाली, आणि त्यात रस्ते, पूल, इमारतींची मोठी कामं बहुतेक नाहीतच, ती वेगळ्या निविदांवर जातात. एवढा मोठा गिऱ्हाईक दुकानात काय मागतो यावर दुकानदार माल काय ठेवणार ते ठरतं, हे आपल्या गल्लीतल्या वाण्यालाही कळतं.

आता माझाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका मुलांच्या वसतिगृहासाठी १२० पंखे घ्यायचे होते. ऑफिसचं नाव सांगत नाही, कुणावर वैयक्तिक राग नाहीये. मागच्या वर्षीच्या फाइलमधलं स्पेसिफिकेशन जसंच्या तसं उचललं, दरपत्रकं मागवली, तीन आली. दोन साध्या पंख्यांची होती, ७५ वॉटचे. तिसऱ्यानं बीएलडीसी मोटरचे पंखे दिले होते, तेवढीच हवा आणि वीज ३० वॉटच्या आसपास, पण एका पंख्यामागे १३०० रुपये जास्त. तुलनात्मक तक्ता मीच केला. त्यात अनुक्रमांक, पुरवठादाराचं नाव, दर, कर, एकूण आणि शेरा एवढेच रकाने. ज्याचा दर कमी तो एल-वन, त्याला ऑर्डर. मी शेऱ्यात लिहिलं होतं की तिसऱ्याचे पंखे वीज निम्म्याहून कमी खातात, विचार व्हावा. वरून फाइल परत आली आणि तोंडी निरोप मिळाला, ऑडिट पॅरा लागला तर, म्हणजे हिशेब तपासणीत आक्षेप निघाला तर, उत्तर तू देणार का. मी गप्प बसलो. ७५ वॉटचे १२० पंखे आले, डेड स्टॉक (टिकाऊ वस्तूंच्या) रजिस्टरला नोंद झाली आणि विषय संपला.

घरी जाऊन मात्र गणित मांडलं. एका पंख्यामागे ४५ वॉटचा फरक. वसतिगृहात पंखा दिवसाला १० तास तरी चालतो, वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका पंख्याला १३५ युनिट, १२० पंख्यांना १६,२०० युनिट, दरवर्षी. युनिट ८ रुपयांनी धरलं तरी १ लाख ३० हजाराच्या आसपास जातात. आणि आपण वाचवले किती, तर खरेदीच्या वेळी एकदाच १ लाख ५६ हजार. म्हणजे सव्वा वर्षात वाचवलेले पैसे परत बिलात गेले, आणि पंखा तर दहा-बारा वर्षं फिरणार. कार्बनचं म्हणाल तर आपल्याकडची वीज अजून बरीचशी कोळशावर आहे, युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात, म्हणजे एका वसतिगृहाच्या नुसत्या पंख्यांचे वर्षाला ११ टन जास्तीचे. मला त्या दिवशी खरंच वाईट वाटलं. कारण चोरी कुणी केली नव्हती, सगळं नियमात बसवून केलं होतं.

मग हे असं का होतं? माझ्या मते मूळ हे आहे की पंखा ज्या लेखाशीर्षातून (म्हणजे खर्चाच्या हेडमधून) घेतला जातो त्यातून त्याचं लाइट बिल भरलं जात नाही. खरेदी एका हेडखाली, वीज दुसऱ्या हेडखाली, बऱ्याचदा टेबलही वेगळं. खरेदीवाला पैसे वाचवल्याचं समाधान मानतो, बिलवाला म्हणतो बिल तर येणारच, ते भरावंच लागतं. दोघांची बेरीज करणारं ऑफिसात कुणीच नाही. घरी आपण फ्रिज घेताना दुकानदाराला पहिलं विचारतो, बिल किती येईल हो. तोच माणूस ऑफिसात खुर्चीवर बसला की हा प्रश्न विचारत नाही, कारण तक्त्यात त्याला रकानाच नाही.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की तुलनात्मक तक्त्यात एक रकाना वाढवा. वस्तूची किंमत अधिक तिच्या आयुष्यभराचं वीज किंवा इंधनाचं बिल, आणि या एकूण आकड्यावर एल-वन ठरवा. ज्याला नियमाचा आधार हवा त्याच्यासाठी सांगतो, केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत ठरावीक विजेच्या उपकरणांना किमान स्टार रेटिंगची अट आहे. आपल्या राज्यात उद्योग विभागाचा १ डिसेंबर २०१६ चा खरेदीचा शासन निर्णय आम्ही टेबलावर कायम उघडा ठेवायचो, त्याच्यासोबत असा तक्त्याचा नमुना जोडून दिला तर खालच्या माणसाला हिंमत येईल. आमच्यासारख्यांना छापील नमुना लागतो साहेब, त्याशिवाय सही कुणी करत नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही, पेन्शन त्याची अडकते.

नुसती स्टारची अट घालून मात्र भागणार नाही. एसीचे स्टार २०२२ च्या जुलैपासून एकेक पायरी खाली आले, म्हणजे आधीचा फाइव्ह स्टार तेव्हापासून फोर स्टार झाला. पण फाइलमधलं स्पेसिफिकेशन जुनंच असेल तर काय घेतोय तेच कळत नाही. कॉपी-पेस्ट बंद झाली पाहिजे, दरवर्षी स्पेसिफिकेशन नव्यानं बघितलं पाहिजे.

आणि सरकारनं मनावर घेतलं तर काय होतं ते आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. एलईडी बल्ब आठवा. २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत एका बल्बचा दर ३१० रुपये होता. मग ईईएसएल या सरकारी कंपनीनं देशभरातली मागणी एकत्र करून लाखो-कोटींच्या संख्येत निविदा काढल्या आणि २०१६ पर्यंत तोच दर ३८ रुपयांवर आला. उजाला योजनेत ३६ कोटींवर बल्ब वाटले गेले, पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की योजनेबाहेरच्या दुकानातही एलईडी स्वस्त झाला, आज खेडेगावातल्या किराणा दुकानात साधा पिवळा बल्ब मागितला तर मिळत नाही. कुणाला भाषण द्यावं लागलं नाही. मोठ्या गिऱ्हाइकानं एकत्र मागणी केली, कारखानदाराला खात्री वाटली, त्यानं दर पाडला.

बसचंही तसंच. २०२२ मध्ये ईईएसएलच्याच सीईएसएल या कंपनीनं पाच शहरांची मिळून ५,४५० इलेक्ट्रिक बसेसची एकत्र निविदा काढली, त्यात १२ मीटरची बस चालवायचा कंत्राटदाराचा दर किलोमीटरला ४४ रुपयांच्या आत आला, डिझेल बसपेक्षा स्वस्त. त्याच वर्षी १ जूनला आपल्या एसटीची शिवाई ही इलेक्ट्रिक बस पुणे-नगर मार्गावर धावली, १९४८ साली १ जूनलाच एसटीची पहिली गाडी ज्या मार्गावर निघाली होती त्याच मार्गावर. मला तेव्हा खूप आनंद झाला होता, आमच्या पिढीचं सगळं आयुष्य लाल डब्यात गेलंय. नंतर एसटीनं ५,१५० इलेक्ट्रिक बसेसचा करार केला आणि त्या गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत हे सगळ्यांना माहितीये. म्हणजे ऑर्डर दिली की काम झालं असं नाही, चार्जिंग, डेपो, वेळापत्रक, दंडाची अट, सगळ्याचा पाठपुरावा लागतो, आणि मुख्य म्हणजे पैसे वेळेवर द्यावे लागतात.

हे शेवटचं मला जरा खोलात सांगायचंय कारण याच्यावर कुणी बोलत नाही. सरकार पैसे उशिरा देतं हे प्रत्येक पुरवठादाराला माहीत असतं. त्यामुळे तो दर लावतानाच सहा महिने, आठ महिने अडकायचं व्याज धरून लावतो. चांगली, नवी, कमी वीज खाणारी वस्तू बनवणारा बऱ्याचदा लहान कारखानदार असतो, त्याला एवढा वेळ थांबणं परवडत नाही म्हणून तो निविदा भरतच नाही. लघुउद्योगांना ४५ दिवसांत पैसे द्या असा कायदा २००६ पासून आहे. पण माझ्याकडे एक पुरवठादार यायचा, चपला झिजल्या त्याच्या एका बिलासाठी, शेवटी म्हणाला, साहेब परत तुमच्याकडे दर भरणार नाही. त्याचा माल चांगला होता हो. तेव्हा कार्बन कमी करायचा असेल तर आधी बिलं वेळेवर काढा असं मी म्हटलं तर लोकांना संबंध कळत नाही, पण संबंध आहे.

पंखे-बसेस दिसतात तरी, बांधकामातला कार्बन दिसतच नाही. सिमेंटमध्ये क्लिंकर असतं, ते करायला चुनखडी भट्टीत भाजतात, आणि कोळशाचा धूर सोडला तरी त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो टाळता येत नाही. म्हणून क्लिंकर कमी वापरणं हाच उपाय. पीपीसी या राख मिसळलेल्या सिमेंटमध्ये ३५ टक्क्यांपर्यंत फ्लाय अ‍ॅश, म्हणजे वीज केंद्रातल्या कोळशाची बारीक राख, चालते, आणि राखेला आपल्याकडे काय तोटा, चंद्रपूर, कोराडीला राखेचे ढीग पडलेत, आजूबाजूची गावं त्या राखेनं वैतागलीत. जिथं चालतं तिथं शाळाखोल्या, अंगणवाड्या, ग्रामपंचायतीच्या इमारती, संरक्षक भिंती याच्या अंदाजपत्रकातच पीपीसी आणि फ्लाय अ‍ॅशच्या विटा लिहून टाका ना. स्टीलचंही केंद्रानं डिसेंबर २०२४ मध्ये ठरवलंय, एक टन स्टीलमागे २.२ टनांपेक्षा कमी कार्बन असेल तर ते ग्रीन स्टील, आणि त्याला तीन ते पाच स्टार. व्याख्या झाली, आता मागणी कोण करणार? खासगी बिल्डर आपणहून करेल असं मला तरी वाटत नाही. पूल, मेट्रो, उड्डाणपूल बांधणाऱ्यांनी निविदेत अट घातली तरच होईल, सुरुवातीला दहा टक्के स्टीलला घाला, पण घाला.

काही जण म्हणतील याच्यात नवीन भ्रष्टाचार होईल, ठरावीक कंपनीला सोयीचं स्पेसिफिकेशन लिहितील. भीती खरी आहे, मी नाकारत नाही, असं लिहिलेलं मी पाहिलंय. पण त्यासाठीच ब्रँडचं नाव न लिहिता वॉट, युनिट, किलोमीटरमागे खर्च असे मोजता येणारे आकडे लिहायचे, आणि तो तुलनात्मक तक्ता वेबसाइटवर टाकायचा, म्हणजे ज्याला गणित येतं तो कुणीही तपासेल.

जिल्हा नियोजन समितीत जे लोकप्रतिनिधी बसतात त्यांना आणि सगळ्या सरपंचांनाही माझी विनंती आहे, या मार्चच्या खरेदीपासूनच एवढं विचारा की याचं बिल वर्षाला किती येणार. त्या वसतिगृहात मी मागच्या महिन्यात एका कामानं गेलो होतो. ते १२० पंखे अजून फिरतायत.

आपला,
एक निवृत्त भांडारपाल,
सातारा जिल्हा