‘घरबसल्या वकील’ म्हणताना सनदेचंही सांगा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

निकाल लागले की ‘घरबसल्या वकील व्हा’ अशा जाहिराती मोबाइलवर सुरू होतात. पाच वर्षांपूर्वी अशाच एका जाहिरातीला मी भुलले. राजापुरात एका वकीलसाहेबांकडे मी कारकुनी करते. बी.ए. झालेली, घरात दोन लहान मुलं. रोज एसटीने रत्नागिरीला कॉलेजात जाणं शक्यच नव्हतं. त्या वर्षी आंब्याच्या कलमांचे जे पैसे आले, त्यातले २२ हजार मी ‘ऑनलाइन एलएलबी’साठी भरले. सहा महिन्यांनी साहेबांनी माहितीपत्रक वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “अगं, यावर सनद मिळायची नाही.” सनद म्हणजे कोर्टात वकिली करण्याचा परवाना. पैसे परत मिळाले नाहीत.

वकिलीचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८च्या नियमांनुसार एलएलबी नियमित वर्गात बसूनच करावी लागते, ७० टक्के हजेरीची अट आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२०च्या नियमावलीतही दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने न देता येणाऱ्या पदव्यांत कायदा आहे. या नियमांवर माझी तक्रार नाही. साक्षीदाराची उलटतपासणी मोबाइलवर शिकता येत नाही, हे मी रोज कोर्टात बघते. पण पैसे भरण्याआधी हे मला कोणी सांगितलं नाही.

पुढे मी एका मुक्त विद्यापीठाचा पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाच्या कामाचा, डिप्लोमा केला. वकिली करता येणार नाही, हे तिथे आधीच स्पष्ट होतं. पुस्तकं इंग्रजीत, त्यामुळे एकेका पानाला तास जायचा. तरी तो अभ्यास कामी आला. गेल्या पावसाळ्यात एक आजोबा प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली नोटीस घेऊन आले. “बाय, ह्या काय आला बघ गो.” फेरफाराची, म्हणजे सातबारावरची नोंद बदलण्याची, नोटीस होती ती. सामायिक जमीन, सातबारावर तेवीस नावं, निम्मी मुंबईला. हरकत घ्यायला १५ दिवस, त्यातले अकरा गेलेले. त्याच दुपारी साहेबांना दाखवून अर्ज लिहिला, दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे देऊन पोच घेतली. आजोबांना नोटीस वाचून दाखवणारं वाडीत कोणीच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

आमच्याकडे जमिनीचे वाद कुळकायद्यापासून सीआरझेडपर्यंत (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरचे निर्बंध) पसरलेले आहेत. म्हणून मुक्त विद्यापीठांनी सातबारा, फेरफार, वारस नोंद, ग्राहक तक्रार हे विषय मराठीत, ऑनलाइन, परवडणाऱ्या फीमध्ये शिकवावेत. बारावी झालेल्या वाडीतल्या सुनेलाही ते जमेल. गरजूंना मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला विधी स्वयंसेवक लागतात, ते यातूनच मिळतील.

आणि एक विनंती आपल्याला. कायद्याच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाची जाहिरात छापायला आली, तर ‘या अभ्यासक्रमावर वकिलीची सनद मिळत नाही’ ही ओळ जाहिरातदाराकडून मोठ्या अक्षरात घालून घ्या.

आपली,
एका वकिलांची कारकून,
राजापूर, जि. रत्नागिरी