पेल्याला लाल दोरा

संपादक महोदय,

परवा आमच्या विडी घरकुल वसाहतीतल्या एका घरी चहाला गेलो होतो. सुनेला क्षयाच्या गोळ्या सुरू होऊन तीन महिने झालेत. फडताळात तिचा पेला वेगळा, ओळखू यावा म्हणून कानाला लाल दोरा. सासूबाई तशा मायाळू, तिला रोज अंडं उकडून देतात. पण दोरा काही सुटत नाही. क्षय हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही.

ब्रिटिश डॉक्टर वॉलेस फॉक्स आणि सहकाऱ्यांचा मद्रासमधला अभ्यास १९५९ सालीच प्रसिद्ध झाला. १९३ रुग्ण, काही सॅनेटोरियममध्ये, म्हणजे क्षयाच्या रुग्णालयात, बाकीचे आपापल्या दाटीवाटीच्या घरांत. वर्षभर औषधं तीच. घरी राहिलेले रुग्णही जवळपास तितकेच बरे झाले. पुढे कुटुंबीयांची तपासणी केली, तर रुग्ण घरी ठेवल्याने त्यांना धोका वाढलेला दिसला नाही. जी लागण व्हायची ती बहुतेक औषध सुरू होण्याआधीच होऊन गेलेली असते.

आता साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा, तोही सरकारी दवाखान्यात फुकट. गोळ्यांची चौकशी करायला कुणी घरी येतं, त्यांनी पाच मिनिटं सासूशीही बोलावं.

– एक वाचक, सोलापूर