एसटीतला रुमाल आणि तुमचे आभार

आदरणीय मॅडम,
सा. न.

तुमच्या निरोप समारंभाला येता आलं नाही, कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षा होती. तिथे सगळ्यांनी तुमचे पेपर आणि प्रकल्प मोजले असतील. कोंबडीच्या भ्रूणात न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, कसे घडतात हे बघण्यात तुमची सगळी नोकरी गेली, तेव्हा ते बरोबरच आहे. मला मात्र एका सेमिनारसाठी आभार मानायचेत.

त्याआधीचं वर्ष आठवतं? हॅचरीतून आणलेली अंडी 38 अंशांवर 18 तास ठेवायची. मग बलकावरचा पापुद्रा भ्रूणासकट कापून काचेच्या रिंगवर ताणायचा आणि वॉच ग्लासात ठेवायचा. भ्रूण कवचाबाहेर वाढवायची डेनिस न्यू यांची 1955ची पद्धत, सगळं सामान चहाच्या बशीत मावेल एवढं! माझे पहिले 22 पापुद्रे फाटले. "कुठे फाटला ते वहीत लिही," एवढंच तुम्ही म्हणायचात. (राग यायचा, आता सांगते.) तेविसावा टिकला. दुसऱ्या दिवशी त्यावर न्यूरल ट्यूब (पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होणारी नळी) मिटत आलेली दिसली, चेन ओढावी तशी, आणि शेजारी हृदयाची थरथर.

मग तो सेमिनार. मी मराठी माध्यमाची. नॉच आणि डेल्टा ही पेशींवरची दोन प्रथिनं इंग्रजीत सांगताना अशी अडकले की सगळे खाली बघायला लागले. मागच्या बाकावरून तुमचा आवाज आला, "अगं, मराठीत सांग. एसटी स्टँडवर सांगशील तसं."

एसटी म्हटल्यावर मी सुटलेच. शेजारशेजारच्या पेशी आधी सारख्याच. एखादीकडे डेल्टा कणभर जास्त असतो, ती खिडकीतून रुमाल टाकते. तिच्या डेल्टाने शेजारणीचा नॉच जागा झाला की शेजारणीचा स्वतःचा डेल्टा घटतो, तिला रुमाल टाकताच येत नाही. रुमालवाली न्यूरॉन होते, शेजारीण विभागत राहते, तिची पाळी नंतर.

"आणि नॉच बंद पाडला तर?" तुम्ही विचारलंत.

सगळ्याच घाईघाईने न्यूरॉन होतात, म्हटलं, गाडी पहिल्याच थांब्यावर भरते.

"आणि पुढच्या थांब्यावरची माणसं?"

मी गप्प. कारण विभागायला कुणी उरलंच नाही, तर नंतरचे न्यूरॉन येणार कुठून? पुढच्या थांब्यावर माणूसच नाही. तुम्ही हसलात, "इथे तुझी एसटी पंक्चर झाली. पंक्चर कुठे होते तेही सांगत जा."

पुढे एमएस्सीच्या वर्गात तुम्ही तीच एसटी वापरायचात आणि दर वेळी "ही माझ्या विद्यार्थिनीची" असं सांगायचात. हे मला बऱ्याच वर्षांनी एका ज्युनिअरकडून कळलं. पेपरवर कुणाचं नाव आधी यावरून जिथे अबोले होतात, तिथे एका रुमालाचं श्रेय कोण देत बसतं?

मी संशोधनात राहिले नाही. तालुक्याच्या कॉलेजात शिकवते, तेही पंक्चरसकट.

तुमची एक काचेची रिंग चुकून माझ्या कंपासपेटीत राहिली आहे. पोस्टाने फुटेल, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत स्वतः घेऊन येते.

तुमची,
22 पापुद्रेवाली