पिल्लं पहिल्यांदा अंगणात काढताना

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बल्बखाली वाढवलेली कोंबडीची पिल्लं तीन आठवड्यांची झाली, पंखांवर पिसं आली, आता पडवीतल्या खोक्यात मावत नाहीत, असं आई फोनवर म्हणाली. बाहेर काढायला हरकत नाही. या वयात त्यांना 27-28 अंशांची ऊब लागते आणि पाऊस सरल्यावर आपल्या सत्तरी तालुक्यात ती सकाळी नऊनंतर उन्हातच मिळते. पण बाबा, मोकळी सोडू नका. तुम्ही समोर खुर्ची टाकून बसलात तरी नको. तुम्ही उठेपर्यंत घार पिल्लू घेऊन माडावर पोचलेली असते. कोंबडीमागे वाढणारी पिल्लं आईच्या हाकेसरशी तिच्या पंखाखाली शिरतात. बल्बखाली वाढलेल्यांना असा इशारा द्यायला कोणी नसतं. आणि आता ती खुडूक कोंबडीच्या हवाली करू नका, एवढी मोठी परकी पिल्लं ती बहुधा टोचून मारते.

बाराएक पिल्लांना 4 फूट लांब, 4 फूट रुंद, दीड फूट उंच असा बिनबुडाचा पिंजरा पुरतो. जाळी अर्ध्या इंची चौकोनी, वेल्ड केलेली घ्या. षटकोनी कोंबडीजाळी स्वस्त पडते, पण ती फक्त कोंबड्या आत ठेवते. मुंगूस तिच्यातून पंजा घालतं, लहान साप सरळ आत येतो. खालच्या बाजूने चहूकडे 8 इंची फळी ठोका. पिल्लं जाळीला टेकून पेंगतात आणि बाहेरून मांजर त्यांचा पाय ओढतं. वर झाकणालाही हीच जाळी हवी. मासेमारीचं जुनं जाळं टाकायचा मोह होईल, पण नायलॉनमध्ये पिल्लांचे पाय अडकतात, सापही गुरफटतो, आणि मग तो सोडवायचा कोणी? कडेने चिरे अगदी लगटून मांडा, म्हणजे उकरून कोणी शिरणार नाही. खिळ्यांचे आणि तारेचे तुकडे वेचून टाका. चकाकणारं काहीही पिल्लं गिळतात.

पिंजरा माडाखाली नको, नारळ आणि झावळ्या पडतात. जुन्या कोंबड्या जिथे उकरतात तिथे तर मुळीच नको. त्या मातीत रक्ती हगवणीचे जंतू असतात, ओल मिळाली की ते वाढतात, आणि पिल्लांच्या अंगात अजून प्रतिकार नसतो. कोरडी, निचऱ्याची जागा बघा आणि पिंजरा रोज एक हात सरकवा. अर्ध्या भागावर पोतं टाकून सावली करा.

दव सुकल्यावर, साडेनऊच्या सुमारास काढा. पहिल्या दिवशी 20 मिनिटं, मग रोज थोडं वाढवत आठवड्याने दोन तास. पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होऊन चिवचिवाट करू लागली तर गार लागतंय, आत न्या. चोच उघडी टाकून पंख पसरले तर उष्मा होतोय. दुपारी बारा ते चार बाहेर नकोच.

पाण्याचं भांडं उथळ, आणि त्यात खडे घाला. खोल थाळीत पिल्लू बुडतं. गवत टोचायला लागली की जाड वाळू चिमूटभर द्या, नाहीतर गवताने पोटळी, म्हणजे गळ्याखालची दाण्याची पिशवी, तुंबते. नुसत्या कण्यांवर आई, वाढ होत नाही. 20 टक्के प्रथिनांचं स्टार्टर खाद्य आठ आठवडे चालू ठेव. सांडलेलं लगेच झाडून टाक, त्यावर लाल मुंग्या येतात आणि त्या पिल्लांना चावतात.

एखादं पिल्लू अंग फुगवून बाजूला बसलं किंवा विष्ठेत रक्त दिसलं, तर हळद-कडुलिंब करत बसू नका. त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात विष्ठा घेऊन जा. औषध पाण्यातून सगळ्यांनाच द्यावं लागतं, एकट्याला नाही.

रात्री मोजून आत. मोठ्या कोंबड्यांत 12 आठवड्यांआधी मिसळू नका. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस झालीय. दुसरी, आर-टू-बी, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान आहे. तिची तारीख दवाखान्यात विचारून ठेवा आणि वाड्यावरच्या लोकांना त्यांचीही पिल्लं त्याच दिवशी आणायला सांगा, कारण कुपी बहुधा 100 मात्रांची असते आणि कालवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. कुपी आणताना बर्फात ठेवा.

तुमची,
शुभा