गाडी काठाला लागली

पुणे, १२ ऑगस्ट २०११

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, पोचली! रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "कुठवर आली तुझी गाडी?" मी तीनदा सांगितलं, तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि शेवटी फोन आईने घेतला. म्हणून आज सावकाश बसून लिहिते आहे. मंगळवारी, ९ ऑगस्टला, मंगळावरची नासाची गाडी, ऑपॉर्च्युनिटी, तिथल्या एन्डेव्हर विवराच्या काठाला लागली.

२००८च्या ऑगस्टअखेर ती व्हिक्टोरिया विवरातून बाहेर आली. तेव्हापासून तीन वर्षं ती चालते आहे आणि या तीन वर्षांत झाले साधारण एकवीस किलोमीटर. माणूस एवढं एका दिवसात चालून जाईल, असं तुम्ही म्हणाल. पण तिथे धावायची सोयच नाही. पृथ्वीवरून निघालेला निरोप तिथे पोचायलाच कित्येक मिनिटं लागतात, त्यामुळे इथे बसून स्टिअरिंग फिरवता येत नाही. आदल्या दिवशीचे फोटो बघायचे, समोरचा प्रत्येक दगड जोखायचा, दिवसाची वाट लिहून पाठवायची आणि संध्याकाळी ती कुठे थांबली ते कळेपर्यंत वाट बघायची. सौर पॅनेलवर धूळ साचली की वीज कमी, मग त्या दिवशी मुक्काम. वाऱ्याने धूळ उडाली की पुन्हा चाल.

आणि वाळू! २००५ मध्ये अशाच एका वाळूच्या लाटेत तिची चाकं रुतली होती. पाच आठवड्यांहून जास्त लागले बाहेर काढायला. त्या अनुभवानंतर तिला इथून चालवणाऱ्या नासाच्या पॅसाडेनाच्या मंडळींनी सरळ वाट सोडली. सरळ रेषेत बाराएक किलोमीटरच होते, पण मध्ये उंच लाटा. मंगळाभोवती फिरणाऱ्या मार्स रिकॉनिसन्स ऑर्बिटरने वरून काढलेले फोटो बघत बघत आधी दक्षिणेला, मग पूर्वेला असा भलामोठा वळसा घातला. २००९च्या मार्चमध्ये पहिल्यांदा क्षितिजावर काठाचे डोंगर पुसटसे दिसले. मी तुम्हाला तो फोटो दाखवला होता, आठवतं? कळस दिसला की पाय उचलतात, असं तुम्ही म्हणाला होतात. त्यानंतरही अडीच वर्षं लागली.

आई, आता तुझ्यासाठी. या गाडीचं आयुष्य धरलं होतं मंगळावरच्या नव्वद दिवसांचं. २००४च्या जानेवारीत उतरली, आज साडेसात वर्षं झाली. शरीर थकलंय तिचं. पुढचं उजवं चाक २००५ पासून आत वळलेलं आहे, ते सरळ होत नाही. त्याच चाकाची मोटर जास्त वीज खायला लागली, म्हणून तिला बरेचदा उलटं चालवतात, पाठमोरी. खांद्याच्या सांध्यात बिघाड आहे म्हणून हात मिटून घेता येत नाही, तो पुढे धरूनच ती चालते. तू हल्ली जिना उतरतेस ना, कठड्याला धरून, भिंतीकडे तोंड करून, उलटी, एकेक पायरी? उलट्या चालीचं पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तूच दिसलीस. मी त्या रात्री कितीतरी वेळ तशीच बसून होते.

तिच्या जुळ्या बहिणीची, स्पिरिटची, तू दर वेळी चौकशी करायचीस. मंगळाच्या दुसऱ्या बाजूला वाळूत अडकली, गेल्या वर्षी मार्चमध्ये तिचा शेवटचा निरोप आला. वर्षभराहून जास्त हाका मारून झाल्या आणि या मे महिन्यात थांबवल्या. मी तुला तेव्हा मुद्दामच सांगितलं नव्हतं. ऑपॉर्च्युनिटी काठावर ज्या जागी पोचली, त्या जागेला आता 'स्पिरिट पॉइंट' असं नाव दिलंय.

आलेले फोटो लगेच सगळ्यांसाठी खुले करतात, म्हणून मीही पाहिले. रात्री साडेअकरा वाजता, दिवा बंद करून. अलीकडे फिकट, फुटक्यातुटक्या दगडांची जमीन. इतकी वर्षं जी सपाट वाळू बघत होते तिच्याहून अगदी वेगळी. पलीकडे सगळं खोल उतरत गेलेलं आणि त्याच्याही पलीकडे, धुळीच्या धूसरपणात, समोरचा काठ. २२ किलोमीटरवर! ती पहिल्यांदा उतरली तो खड्डा होता २२ मीटरचा. बाबा, आपलं लोणार साधारण अठराशे मीटरचं. तशी बारा लोणारं ओळीने मांडा.

एक गोष्ट मला फार आवडली. एवढं चालून ती आत तळाशी उतरणार नाहीये. हवं ते काठावरच आहे. ज्या मैदानातून ती आली तिथले थर नंतर साचलेले. तिथे आईच्या डब्यातल्या मिऱ्यांएवढ्या करड्या गोळ्या सापडल्या, हेमेटाइट या लोखंडाच्या खनिजाच्या. पाणी होतं हे त्यावरून कळलं, पण ते आम्लधर्मी, खारट पाणी. काठाचे दगड त्याहून कितीतरी जुने, आघाताने उसळून वर आलेले. त्यांच्यात चिकणमातीची खनिजं असल्याच्या खुणा वरच्या यानाला दिसल्यात, आणि तशी माती व्हायला कमी आम्लाचं, जरा गोडं पाणी लागतं. तेच शोधायला मोहिमेचे मुख्य शास्त्रज्ञ स्टीव्ह स्क्वायर्स आणि त्यांची माणसं तिला इथवर घेऊन आली.

मी नऊ वर्षांची असताना बाबांनी मला मेहकरहून एसटीने लोणारला नेलं होतं. काठावर उभं करून म्हणालात, "हे वरून पडलेल्या दगडाने झालंय." मी आभाळाकडे बघितलं आणि तुमचा शर्ट घट्ट धरला. मग झाडीतून आपण कमळजा देवीपर्यंत उतरलो. पाण्याचा तो उग्र वास, आणि ओंजळीतलं पाणी मी जिभेला लावलं म्हणून तुम्ही रागावलात, सगळं लख्ख आठवतं. आई तेव्हा आली नव्हती. घरी आजी आजारी होती. पुढे दर वर्षी जाऊ जाऊ म्हणत राहिलं आणि आता गुडघ्यांमुळे ती विषयच काढू देत नाही.

आई, दिवाळीत मी येते आहे, भाऊबीज झाली की तिघं लोणारला जाऊ. मी गाडी ठरवते, ती अगदी काठापर्यंत जाते. खाली उतरायचं नाही. वरच सावलीत सतरंजी टाकू, दशम्या आणि तिळाची चटणी तू कर, चहाचा थर्मास मी आणते. ऊन उतरेपर्यंत बसू. बाबा, कानाचं मशीन ड्रॉवरमधून काढून घालून या. तिथे मला तुम्हाला ऑपॉर्च्युनिटीचं पुढचं सगळं तोंडी सांगायचं आहे, आणि तोवर ती काठाने आणखी पुढे गेलेली असेल.

गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळवा, येताना आणते.

तुमची लाडकी,
ताई